भाचीचा उन्हाळा: नेदरलँड्समधलं समर स्कूल की अकादम्यांची फेलोशिप?

माझी भाची यवतमाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. गुलाबी बोंडअळीनं पोखरलेली बोंडं ती लहानपणापासून घरच्याच वावरात पाहत आली. पुढं तिला किडीवरच काम करायचं आहे. येत्या उन्हाळ्यासाठी तिच्यासमोर दोन वाटा आहेत: नेदरलँड्समधल्या विद्यापीठाचं दोन आठवड्यांचं समर स्कूल, किंवा देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात ती दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप.

समर स्कूलचा मोह मला समजतो. वीसेक देशांची पोरं एका वर्गात बसतात, गटात काम करतात, इंग्रजीत वाद घालतात. आपल्याकडं अख्ख्या पदवीत एकदाही प्रश्न न विचारलेली मुलगी तिथं दुसऱ्या दिवशी बोलायला लागू शकते. पण कोर्स निवडताना क्रेडिट बघा. युरोपातलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, म्हणजे तीन क्रेडिटला ७५ ते ९० तास. क्रेडिट नाही, परीक्षा नाही, तर हाती येतं ते हजेरीचं प्रमाणपत्र. आणि ती क्रेडिट आपलं विद्यापीठ धरेल का, हे पैसे भरायच्या आधी कॉलेजात विचारा.

खरा पेच पैशाचा. फी, विमान, राहणं, वर शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. मागच्या रविवारी भाऊजींनी खाटेवर कागद मांडले: सातबारा, सोसायटीचा कर्जाचा उतारा, कापसाच्या पावत्या, पासबुक. जानेवारीत कापसाचे पैसे जमा झाले होते, मार्चअखेर पीककर्ज फेडलं आणि खातं रिकामं. व्हिसाला मागच्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणून भाऊजींनी रिटर्न कधी भरलंच नाही. सातबाऱ्यावर जमीन दिसते, हातातला पैसा दिसत नाही. मग मी पगारदार मामा म्हणून खर्चाची हमी देणार. पण भाऊजींच्या हाती जे काही थोडंफार उरतं, ते मृगाच्या पेरणीला लागतं, आणि समर स्कूलही नेमकं जून-जुलै-ऑगस्टातच. त्यात आपल्या उन्हाळी परीक्षेचे पेपर जूनमध्ये सरकले, तर तिकीट वाया.

फेलोशिपमध्ये पैसा उलट्या दिशेनं येतो: विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं मिळतं. एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दोन महिने रोजचं काम. वर्गात ऐकलेलं आणि स्वतःच्या हातानं प्लेटवर जिवाणू वाढवलेले, यात फार अंतर आहे. पुढं एम.एस्सी.ला जाताना त्या शास्त्रज्ञाचं शिफारसपत्र दोन आठवड्यांच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाला येईल असं मला वाटतं. अडचण एकच, निवड कठीण. अर्जात आपल्याला काय करायचं आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं, आणि ओळखणाऱ्या प्राध्यापकांचं पत्र लागतं. तिनं बोंडअळीबद्दलच लिहावं, दुसऱ्याचं उतरवू नये.

माझं मत फेलोशिपला. फेलोशिपचे अर्ज दिवाळीच्या सुमारास चालू असतात, समर स्कूलचे बहुतेक नव्या वर्षात, त्यामुळं एक हुकलं तर दुसरं उरतं. पण परदेशी तेव्हाच, जेव्हा फीमाफी किंवा शिष्यवृत्तीचं पत्र हातात असेल. त्यासाठी ताईचं मंगळसूत्र गहाण पडू देणार नाही, हे मी घरी स्पष्ट सांगितलं आहे.

पासपोर्टचे दीड हजार मात्र मी या महिन्यातच भरतो आहे.