तयार डेक की स्वतःची कार्डं? एन२ नंतरचे जपानी शब्द

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन२ पातळी पास झाल्यावर शब्दसंग्रह कसा वाढवायचा, असं इथे वडोदऱ्यात जपानी शिकणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं. आन्की या कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या ॲपवर एन१ चं, म्हणजे पुढच्या आणि सर्वांत वरच्या पातळीचं, तयार डेक (कार्डांचा संच) घ्यायचं, की वाचता वाचता स्वतःची कार्डं करायची? मी दोन्ही करून बघितलं आहे. तयार डेक तर जवळजवळ वर्षभर.

तयार डेकला वेग आहे, हे मान्यच. कार्डं करण्यात वेळ जात नाही, बऱ्याच डेकांत उच्चारही ऐकायला मिळतो. मात्र २०१० मध्ये परीक्षा बदलल्यापासून अधिकृत शब्दयादी निघतच नाही, तेव्हा 'एन१ चे सगळे शब्द' या दाव्यावर फार विसंबू नये.

मला खटकले ते इंग्रजी अर्थ. 'चोसेइ' आणि 'चोसेत्सु', दोन्ही कार्डांच्या मागे एकच शब्द: ॲडजस्टमेंट. दोन्ही मी रोज बरोबर ओळखत होतो. मग एका मीटिंगची तारीख ठरवताना ईमेलमध्ये 'नित्तेइ ओ चोसेत्सु' लिहून बसलो. पलीकडच्या बाईंनी काही न बोलता उत्तरात तेच वाक्य 'चोसेइ' घालून लिहिलं. कान लाल झाले माझे. चोसेत्सु म्हणजे एसीचं तापमान किंवा आवाज कमी-जास्त करणं; चोसेइ म्हणजे चौघांच्या सोयीचा मेळ घालणं. मराठीत अर्थ लिहिला असता, तर घोटाळा झालाच नसता.

आता दांडिया बाजारातल्या घरी रात्री जेवणं झाली की तासभर जपानी बातम्या नाहीतर कथा वाचतो. एखादा शब्द दुसऱ्यांदा अडला, तरच त्याचं कार्ड करतो: पुढे पूर्ण वाक्य, मागे मराठी. तासाला सहा-सात कार्डं, त्यापलीकडे जात नाही. पण ती टिकतात, निदान माझी तरी. एका पाककृतीत भेंडीसाठी 'नेबानेबा' आलं. डेकात त्याचा अर्थ होता 'स्टिकी'. मी लिहिलं, 'तार सुटते तसं', आणि आईच्या विळीवरची भेंडी डोळ्यांसमोर आली. त्या शब्दाची उजळणी फारशी करावी लागली नाही.

परीक्षा दोन-तीन महिन्यांवर असेल, तर तयार डेकच घ्या, त्यात काही वावगं नाही. फक्त जमेल तिथे मागचा इंग्रजी अर्थ खोडून मराठी लिहा. वर्षभर हातात असेल, तर मी डेक उघडणारही नाही.