आयएसआयचा खोटा शिक्का आणि 1,950 रुपयांचा कुकर

पैसे गेले त्याहून अधिक, सासूबाईंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला याची जखम मोठी आहे, आणि त्याला मी घेतलेला कुकर कारण ठरला, हे लिहिताना आजही लाज वाटते. तरीही लिहिते आहे, कारण त्याच टेम्पोतून आमच्या गावात किमान वीस घरांनी कुकर घेतले आहेत.

जानेवारीत आठवडी बाजाराच्या दिवशी ‘जुना कुकर द्या, नवा घेऊन जा’ असा फलक लावलेला टेम्पो मैदानात उभा होता. पाच लिटरच्या कुकरची किंमत 2,450 रुपये, जुन्या कुकरचे 500 वजा, म्हणजे 1,950 रुपये रोख. अशा योजनांमध्ये काय चालते हे आपण सगळेच ऐकून असतो, मीही ऐकून होते. मी शिक्षिका आहे, दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा वाचल्याशिवाय घेत नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत नगरपालिकेच्या वसुली कर्मचाऱ्याने त्या टेम्पोवाल्याची पावती फाडली. पालिकेने ज्याला जागा दिली तो माणूस उघड्यावर खोटा माल विकणार नाही, असे मला वाटले. हे वाटणे चुकीचे असेल, पण मूर्खपणाचे होते असे मी मानत नाही.

ज्या क्षणी मी थांबायला हवे होते तो क्षण मला नेमका आठवतो. कुकर उलटा करून मी भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह पाहिले. खऱ्या चिन्हाच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी तो 2347 आहे, आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. इथे चौकटीत नुसती तीन अक्षरे होती, वर काही नाही, खाली काही नाही. मी विचारलेसुद्धा. “नंबर खोक्यावर असतो, ताई,” असे तो म्हणाला आणि खोके तर त्याने आधीच फाडून टेम्पोत टाकले होते. मागे रांग होती, माझा जुना कुकर त्याच्या हातात गेला होता, आणि मी पैसे दिले. फोन पिशवीतच होता. याच ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये परवाना क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसते. क्रमांकच नसेल तर वस्तू परत ठेवावी, विक्रेत्याशी वाद घालत बसू नये.

अकराव्या दिवशी डाळ लावली होती. शिट्टी झालीच नाही. वाफ कोंडली की झाकणावरची सुरक्षा झडप सुटायला हवी, तीही सुटली नाही आणि झाकणच उडाले. औषधोपचाराला 6,480 रुपये लागले. सोबत मिळालेल्या ‘दहा वर्षे वॉरंटी’च्या कार्डावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक, आणि त्यावरचा मोबाइल बंद. पक्के बिल नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

खरा संताप त्यानंतरचा आहे. पोलीस ठाण्यात सांगितले की हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा. घरगुती कुकरला 1 फेब्रुवारी 2021 पासून हे चिन्ह सक्तीचे आहे, आणि त्याशिवाय तो विकणे हा 2016 च्या भारतीय मानक ब्युरो कायद्याने दखलपात्र गुन्हा ठरवला आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, हे मी त्यांना वाचून दाखवले, तरी अर्ज घेतला नाही. वजनमापे कार्यालयाने आपण फक्त वजन, माप आणि छापील किंमत पाहतो असे सांगितले. तहसीलच्या पुरवठा शाखेत तीन चकरा झाल्या, हाती आला तो आवक क्रमांक. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विक्रेत्याचे नाव आणि पत्ता विचारला, तोच तर माझ्याकडे नाही. आणि नगरपालिका म्हणते की आम्ही जागेचे पैसे घेतो, मालाची जबाबदारी घेत नाही. मग बाजारात उभ्या असलेल्या माणसाचे नाव, पत्ता आणि वाहन क्रमांक एवढे तरी पावतीवर लिहून घ्यायला त्यांना कोणी अडवले आहे? तेवढी एक ओळ असती तर आज माझ्या तक्रारीत समोरचा पक्ष कोण, हा प्रश्नच उरला नसता.

आता मी मानक ब्युरोच्या पुणे शाखेला छायाचित्रांसह लेखी तक्रार पाठवली आहे, आणि पावतीच्या स्थळप्रतीसाठी नगरपालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. फुटलेला कुकर, झाकण आणि ते कार्ड मी पोत्यात बांधून ठेवले आहे. ज्यांच्या घरी त्या टेम्पोतला कुकर असेल त्यांनी तो आज रात्रीसुद्धा गॅसवर चढवू नये, भंगारातही देऊ नये, पुरावा म्हणून ठेवावा आणि माझ्याशी बोलावे. आतापर्यंत चौघी पुढे आल्या आहेत.