आठ महिन्यांचं कोचिंग आणि माळवदाखाली राहिलेली गोष्ट

मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मार्चपासून दर आठवड्याला पाऊण तास व्हिडिओ कॉलवर पॉझिटिव्ह सायकॉलॉजीचं, म्हणजे माणसाचं बरं कशानं चालतं याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्राचं, कोचिंग घेते आहे. त्यात दोन गोष्टी असतात, माइंडफुलनेस, म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवणं, आणि स्वतःची गोष्ट सांगणं. झोप उडाली होती, म्हणून कोचनी आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून यायला लावलं. हे मला फार योग्य वाटलं. कोचिंग म्हणजे उपचार नव्हे. फार त्रास असेल तर आधी डॉक्टर, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर.

पहिल्याच दिवशी सूचना आली, "डोळे मिटा, तळपाय टेकवा, जमिनीचा आधार जाणवू द्या." मला दरदरून घाम फुटला. ३० सप्टेंबर १९९३ ला मी दहा वर्षांची होते आणि आमचं गाव किल्लारीच्या जवळ. जमिनीचा भरवसा त्या पहाटेच्या भूकंपातच गेला. हे कळल्यावर कोचनी पद्धत बदलली. डोळे उघडे ठेवायचे आणि लक्ष हातांवर. आता मी हे भाकरी थापताना करते. पिठाचा ओलसरपणा, परातीचा आवाज, काठावरून फिरणारी बोटं. मन भरकटलं की पुन्हा तळहातावर. आठ महिन्यांत हेच एक सलग टिकलं. वर्गात आवाज चढण्याआधी आता एक श्वास मध्ये येतो, पोरांनाही फरक कळलाय.

गोष्टीचं काम अवघड गेलं. भूकंपाच्या आदल्या रात्री गणपती विसर्जन बघून आल्यावर मी अंगणातच आडवी झाले. "आत ये गं माय, गार पडलंय," आजी म्हणाली. मी गेले नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं आजीवर आलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या सत्रात सांगितलं, तर कोचनी विचारलं, "यातून तुम्हाला काय चांगलं मिळालं?" मी कॉल कापला. दोन आठवडे फिरकले नाही. पॉझिटिव्हच्या नावाखाली दुःखाला घाईनं चांगला रंग देणं चूकच, असं मला आजही वाटतं. त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या वेळी फक्त एवढंच विचारलं, "आजी कशी होती?"

मग जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीनं मनातलं लिहायला दिलं. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, कुणाला न दाखवता. पहिले दोन दिवस जास्तच रडू आलं. चौथ्या दिवशी वहीत ‘कारण’ हा शब्द वारंवार दिसू लागला. भिंती पडल्या, कारण त्या तशाच बांधलेल्या होत्या. मी बाहेर होते, कारण मी दहा वर्षांची होते.

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायचा सराव मला लाभला नाही, दोन महिन्यांत हजेरीपटासारखा झाला. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात तो आठवडाभरच करायला दिला होता. तेवढाच ठेवला असता तर बरं झालं असतं.

३० सप्टेंबरच्या रात्री मी दरवर्षी दिवा लावून बसून राहायचे. यंदा लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पणजी जात्यावर कुठली ओवी म्हणायची?" मला दीडच ओळ आठवली. रविवारी आत्याकडे जाऊन उरलेली लिहून आणणार आहे.