पिंटल की आदळत्या धारांचा इंजेक्टर?

रॉकेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडायझर हे दोन द्रव फवारणारा भाग म्हणजे इंजेक्टर. आदळत्या धारांच्या इंजेक्टरमध्ये एका चकतीला शेकडो, कधी हजारो भोकं असतात. धारा एकमेकींवर आपटतात, त्यांचे बारीक थेंब होतात आणि ज्वलन जवळजवळ पूर्ण होतं. पण ते चकतीलगतच एकवटतं. तिथे दाबाची लाट उठली की ज्वलनच तिला खतपाणी घालतं. अपोलोच्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाला या अस्थिरतेनं चांगलंच छळलं. चालू इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवून चाचण्या झाल्या. शेवटी चकतीवर आडभिंती उभारून १३ कप्पे केले, भोकांची रचना बदलली, तेव्हा कुठे लाटा आपोआप विरू लागल्या.

पिंटलमध्ये मधोमध एकच खुंटी. तिच्यातून बाहेर पडणारा द्रव भोवतालच्या दुसऱ्या द्रवाच्या पडद्याला छेदतो. ज्वलन जास्त जागेत पसरतं, लाटांना जोर मिळत नाही. खुंटीभोवतीची बाही सरकवली की प्रवाह कमी-जास्त होतो. अपोलोच्या चांद्रयानाचं उतरणीचं इंजिन म्हणूनच सुमारे १० टक्के जोरापर्यंत खाली येई. स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटच्या मर्लिन इंजिनातही पिंटलच आहे. मिश्रण मात्र तितकं एकजीव होत नाही, आणि खुंटीचं टोक भाजून निघतं.

जोर बदलता हवा असेल तर मी पिंटलच निवडेन. कार्यक्षमतेचा शेवटचा टक्का हवा असेल तर भोकांची चकती, पण चाचण्यांचा खर्च आधीच धरून.