ब्लूज हार्मोनिकासाठी बॅकिंग ट्रॅक: आठ महिन्यांच्या रियाजानंतर काय उरलं

आठ महिन्यांत मी साठ-सत्तर बॅकिंग ट्रॅक, म्हणजे सोबत वाजवायला तयार केलेली नुसत्या साथीची रेकॉर्डिंग, उतरवून घेतले. आज त्यातले नऊ फोनमध्ये आहेत, बाकीचे पुसून टाकले. ते वाईट होते असं नाही, कित्येक तर फार सुरेख वाजवलेले होते. पण हार्मोनिकाला त्यात जागाच नव्हती, आणि हे कळायला मला पहिले तीन महिने लागले. नव्यानं शोधायला बसणाऱ्याचे ते तीन महिने वाचावेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे दहा भोकांच्या साध्या डायटॉनिक, म्हणजे एकेका पट्टीच्या, हार्मोनिका आहेत: सी, ए, डी, जी आणि बी फ्लॅट. वाजवायचं आहे ते पन्नास-साठच्या दशकातलं शिकागो ब्लूज, म्हणजे लिटल वॉल्टर, सनी बॉय विल्यमसन (या नावाचे दोघे होते, त्यातला दुसरा), जिमी रीड ही हार्मोनिकावाली मंडळी.

सगळ्यात जास्त गोंधळ पट्टीचा. ब्लूजमध्ये हार्मोनिका बहुतेक वेळा सेकंड पोझिशनमध्ये, म्हणजे क्रॉस हार्प पद्धतीनं वाजते. गाणं ई मध्ये असेल तर हातात ए ची हार्मोनिका, ए मध्ये असेल तर डी ची, जी ला सी, एफ ला बी फ्लॅट. असं केलं की गाण्याचा मूळ स्वर दोन नंबरच्या भोकात श्वास आत ओढून (याला ‘दोन ड्रॉ’ म्हणतात) मिळतो, आणि ओढताना जे स्वर खाली वाकवता येतात (हा ‘बेंड’) ते नेमके ब्लूजच्या कामाचे निघतात. आता ट्रॅकच्या नावात नुसतं ‘ए’ लिहिलेलं असतं. ती बँडची पट्टी की हार्मोनिकाची? मी खास हार्मोनिकासाठी म्हणून एक संच विकत घेतला होता. त्यात काही ट्रॅकवर बँडची पट्टी लिहिली होती, काहींवर हार्मोनिकाची, आणि कुठे काय याचा पत्ताच नाही. तक्रार केली, उत्तर आलं नाही. तेव्हापासून मी नाव वाचत नाही. ट्रॅक लावते, बारा बारचं (बार म्हणजे साधारण चार मात्रांचा एक भाग) एक आवर्तन पुरं होऊ देते, आणि बेस पुन्हा समेवर आला की तो स्वर दोन ड्रॉशी जुळतो का ते ऐकते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पुढचा तासभर वाया जात नाही.

गिटारवाल्यांच्या ट्रॅकमध्ये आणखी एक भानगड असते. बरेच जण तारा अर्धा स्वर उतरवून वाजवतात, त्यामुळे ‘ई’ म्हणून आलेला ट्रॅक प्रत्यक्षात ई फ्लॅट निघतो आणि त्याला ए फ्लॅटची हार्मोनिका लागते. ती माझ्याकडे नाही. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लय तशीच ठेवून पट्टी अर्धा स्वर वर सरकवली की काम भागतं. त्याहून बारीक फरकही तिथेच दुरुस्त होतो. हार्मोनिका बहुधा ४४० हर्ट्झपेक्षा किंचित वर, ४४२ च्या आसपास लावलेली असते, कारण श्वासाच्या जोरानं स्वर थोडा उतरतो. ट्रॅक त्याहून चढा असला की आपण कायम खाली लोंबकळतो, आणि आपला बेंड स्वर फक्त खाली नेतो, वर नाही. असा ट्रॅक मी दहा-पंधरा सेंट खाली आणते. शंभर सेंटचा एक अर्धा स्वर, म्हणजे हा फरक केवढासा! पण तो गेल्यावर चार ड्रॉ लांबवताना जी शांती मिळते ती ऐकण्यासारखी आहे.

आता मुख्य मुद्दा, साच्याचा. ‘ब्लूज जॅम’ म्हणून जे मिळतं ते जवळजवळ सगळं बारा बारचं, मध्यम लयीचं शफल, म्हणजे झुलत्या चालीचं, असतं. त्यावर वर्षभर वाजवलं तरी गाणी येत नाहीत, कारण गाणी त्या साच्यात बसत नाहीत. ‘हूची कूची मॅन’ (मडी वॉटर्स, १९५४) सोळा बारचं आहे. पहिल्या आठ बारांत बँड ठोका देऊन थांबतो, शब्द मोकळ्यात येतात, पुन्हा ठोका. ती थांबायची जागा ट्रॅकमध्ये नसेल तर तुम्ही हे गाणं शिकतच नाही. ‘की टू द हायवे’ आठ बारचं, आणि दुसऱ्याच बारला पाचवा कॉर्ड (पट्टीच्या पाचव्या स्वरावर उभा केलेला स्वरसमूह) येतो. सनी बॉयचं ‘हेल्प मी’ (१९६३) बारा बारचंच, पण छटा मायनर, म्हणजे तिसरा स्वर कोमल. नेहमीचा मेजर ट्रॅक लावला तर पियानोतला तिसरा स्वर कानाला टोचत राहतो. बारा बारच्या गाण्यांतही दुसऱ्या बारला चौथा कॉर्ड येतो की नाही, हे आधी ऐकून ठेवावं लागतं. मी हे लिहून ठेवलं नव्हतं, आणि दोन आठवडे दुसऱ्या बारला अडखळत होते. आता प्रत्येक ट्रॅकच्या फाइलच्या नावात बार, पट्टी, हार्मोनिका आणि दुसरा बार कसा, एवढं लिहिते.

मूळ रेकॉर्डिंगमधून हार्मोनिका काढून टाकावी आणि उरलेल्या बँडबरोबर वाजवावं, हा मोह मला फार होता. कराओकेची जुनी युक्ती म्हणजे डावा आवाज उजव्यातून वजा करायचा, की मधलं सगळं जातं. पण त्या काळची ही रेकॉर्डिंग मोनो आहेत. दोन्ही बाजूंना एकच आवाज, वजाबाकी केली की हातात निव्वळ शांतता. आवाज वेगळे काढणारी आताची साधनं बरीच पुढे गेली आहेत. पण त्यांतली बरीच गायन, ड्रम, बेस आणि ‘इतर’ असे चार भाग करतात. हार्मोनिका त्या ‘इतर’मध्ये गिटारबरोबर अडकते, थोडी गायनात सांडते. मी बरेच दिवस खटपट केली, शेवटी फक्त ड्रम आणि बेस ठेवून बाकी सोडून दिलं. गंमत म्हणजे, तेवढंच पुरतं हे तिथेच उमगलं.

कारण हार्मोनिकाला रिकामी साथ हवी. जाड गिटार आणि लांबवलेला ऑर्गन जिथे बसतात, तिथेच आपला आवाज राहतो. त्यात मध्येमध्ये गिटारवाला आपल्या हरकती घालत असेल तर आपण काय वाजवणार? ब्लूजमध्ये गाणारा साधारण दोन बार गातो आणि पुढचे दोन बार वाद्य उत्तर देतं. ट्रॅकमध्ये गाणारा नसतो, म्हणून सगळे बारा बार भरून काढायची सवय लागते. ती सवय मला लागली होती. फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की मी श्वास घ्यायलाही थांबत नाही. आता ओळ मी स्वतः गाते, बेसूर का होईना, आणि उत्तरच तेवढं वाजवते. एवढा एक बदल सगळ्या ॲपहून मोठा ठरला.

साच्याप्रमाणे ट्रॅक बनवायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. आयरीअल प्रो या साथीच्या ॲपमध्ये कॉर्ड भरून पट्टी, लय आणि आवर्तनं ठरवता येतात, शिवाय प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा कमी करता येतो. पियानो मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवलाय. दर काही आवर्तनांनी लय आपोआप वाढवायची सोय आहे, ती शफल पक्कं करायला उत्तम. ठोका देऊन थांबायच्या जागा लागतात तेव्हा बँड-इन-अ-बॉक्स हे साथ बनवणारं सॉफ्टवेअर. त्यात कुठल्या कॉर्डवर बँडनं गप्प राहायचं ते लिहिता येतं. ‘हूची कूची मॅन’चा साचा मी त्यातच बसवला. यूट्यूबवरचे ट्रॅक लय कमी करून ऐकायला ठीक, पण फार खाली नेलं की ड्रमचा ठोका फाटल्यासारखा येतो आणि शफलची झुलती चाल जाते. मूळचाच संथ ट्रॅक शोधलेला बरा.

‘ज्यूक’बद्दल वेगळं लिहायलाच हवं. लिटल वॉल्टरनं हे हार्मोनिकाचं, शब्दांशिवायचं वादन मे १९५२ मध्ये रेकॉर्ड केलं, ई मध्ये, ए च्या हार्मोनिकावर. दोन ड्रॉपासून सहा ब्लोपर्यंत (सहा नंबरच्या भोकात फुंकून) चढत जाणारी ती सुरुवात कुठल्याही शफलवर वाजवता येते, पण माझी कायम जड वाटायची. कारण सापडलं ते साथीत: त्या रेकॉर्डिंगमध्ये बेसवाला नाहीच. मडी वॉटर्स आणि जिमी रॉजर्स यांच्या दोन गिटार आणि ड्रम, बस. तळ गिटारच्या खालच्या तारा सांभाळतात, म्हणून ते इतकं हलकं धावतं. माझ्या सगळ्या ट्रॅकमध्ये मात्र भरभक्कम बेस होता.

मग गिटार वाजवणाऱ्या मित्राला विचारलं, की नुसत्या खालच्या दोन तारांवर शफल धरशील का, वरचं काहीच नको. तो म्हणाला, “अगं, मग गिटार कशाला?” मी त्याला ‘ज्यूक’ दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा संपायच्या आतच त्यानं गिटार उचललं. फोन टेबलावर ठेवून त्यानं ई मध्ये दहा आवर्तनं वाजवली, पायानं ताल धरत. पाचव्या आवर्तनात लय जराशी पुढे सरकते, आठव्यात परत जागेवर येते. मी आता तिथे त्याच्याबरोबर सरकते. उरलेल्या नऊ ट्रॅकपैकी रोज लागतो तो हाच, आणि ‘हेल्प मी’साठी असाच एक त्याच्याकडून मागून घ्यायचा आहे.