मोत माउलीच्या वाटेवरची लाकडी रोझरी

वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी) चर्चबाहेर स्टॉलवर मिळणारी, दोऱ्यात गाठी मारून ओवलेली लाकडी रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळ, रोजच्या प्रार्थनेला उत्तम. घेण्याआधी मणी मोजाच: एकूण 59 हवेत, 53 ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे आणि 6 ‘आमच्या स्वर्गातील बापा’ या प्रार्थनेचे. ‘नमो मरिया’च्या दहा-दहा मण्यांच्या एखाद्या संचात नऊच निघाले तर जप चुकतो, मन मोजण्यात अडकतं. डोळे मिटले तरी ‘बापा’चा मणी बोटांना वेगळा जाणवला पाहिजे, ओवताना त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळा दोरा सोडलेला असला की जाणवतो, आणि हे फार मोलाचं आहे. साखळीची रोझरी दिसते सुरेख, पण मुंबईच्या दमट हवेत, घामाने लोखंडी कड्या गंजतात. खिशात ओढ बसली की उघडतात. क्रूसाजवळची गाठ सैल असेल तर दुसरी मागा. वापरण्याआधी फादरांकडून आशीर्वादित करून घ्या.