साडेचार हजारांचं बीएलएस-एसीएलएस कार्ड

आयसीयूत सहा वर्षं काढलेली सिस्टर मी, आणि मला एका क्लासच्या सरांनी गंडवलं ते सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवणं, शिकवतो म्हणून. सांगायला लाज वाटते, पण आमच्याच वॉर्डातल्या दोघी परवा त्याच सरांकडे नाव नोंदवायला निघाल्या होत्या.

मुंबईत नोकरीसाठी अर्ज करायचा होता, तिथे बीएलएस आणि एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि त्यापुढच्या प्रशिक्षणाची, दोन्ही कार्डं मागत होते. व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली: बीएलएस, एसीएलएस, एकाच रविवारी, फक्त 4500. 'अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या गाइडलाइन्सनुसार.' सगळी गोम त्या 'नुसार'मध्ये होती.

मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जणी. पुतळा एकच, तोही कमरेपर्यंतचा. छाती 5 सेंटिमीटर दाबली की टक् आवाज यायला हवा, पण त्याची स्प्रिंगच गेलेली. दहा दाब, एक फोटो, चला पुढची. दुपारी पेपर. पास व्हायला 84 टक्के लागतात, असं सांगून सरांनी उत्तरंच वाचून दाखवली. आम्ही हसत हसत गोल काळे केले. मीसुद्धा.

कार्ड व्हॉट्सअॅपवरच आलं, हृदय आणि मशालीचं चिन्ह असलेलं. क्यूआर कोड स्कॅन केला तर हिरवी खूण. खूश.

मुलाखतीत मॅडमनी तोच कोड स्कॅन केला आणि मोबाइल माझ्याकडे वळवला. "सिस्टर, वरचा पत्ता वाचा. साइट कोणाची आहे?" सरांच्या स्वतःच्या क्लासची! खऱ्या कोर्सनंतर असोसिएशनकडून आपल्या ईमेलवर लिंक येते, ई-कार्ड आपणच क्लेम करायचं असतं आणि ते त्यांच्याच साइटवर तपासता येतं. हे मला तिथे, त्या खुर्चीत बसून कळलं.

सरांना फोन केला. "ताई, आम्ही गाइडलाइन्सनुसार शिकवतो म्हटलं होतं. त्यांचं कार्ड देतो असं कुठे म्हटलं?" नंतर नंबर ब्लॉक. पावती घेतली नव्हती, यूपीआय भलत्याच नावावर गेलेलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

पुढे पुण्यात रीतसर कोर्स केला. एसीएलएसलाच दोन दिवस गेले, मनगटं भरून आली. पहिल्याच फेरीत शिकवणाऱ्या मॅडम शेजारी गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "दाबताय छान, पण हात टेकून ठेवताय. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या."

सहा वर्षं मी टेकूनच दाबत होते.